गच्चीवर घडवा हळद्याला पुरून उरणारी भेंडी

भेंडीच्या पानावर पिवळ्या शिरांची जाळी दिसली की मुंबईतला गच्चीबागवाला आधी फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. अर्ध्या तासात उपायांचा पाऊस पडतो. आंबट ताक, नीमतेल, हिंगाचं पाणी, एप्सम सॉल्ट, राख. यातल्या एकानेही ते झाड बरं होत नाही. हळद्या हा विषाणूचा रोग आहे आणि विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. माशी आटोक्यात ठेवता येते, पण भर मुंबईत शेजारच्या इमारतीच्या कुंड्यांतली माशी तुम्ही कशी आवरणार?

या रोगाची पहिली नोंद आपल्याच भागातली आहे. १९२४ साली कुलकर्णी यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून ती केली. त्याला शंभर वर्षं उलटली, आणि या काळात जे काही टिकाऊ काम झालं त्यातलं बरंचसं बियाण्यात झालं. हे काम फक्त विद्यापीठांनीच करायचं असतं असा आपला समज असतो. विद्यापीठांकडे जमीन आणि प्रयोगशाळा असते हे खरं, पण भेंडीपुरतं बोलायचं तर निवड आणि संकराचं मूळ तंत्र चाळीस ग्रोबॅग आणि एक वही असणाऱ्या कुणालाही जमतं. त्याला दोन-तीन वर्षं लागतात. एवढा धीर नसेल तर सरळ चांगल्या वाणाचं पाकीट विकत घ्यावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

एकाच वाणावर भिस्त का ठेवू नये

पुसा सावनी हे नाव जुन्या भाजीवाल्यांना आजही आठवतं. पश्चिम बंगालमधलं आयसी १५४२ आणि पुसा मखमली या दोन भेंड्यांच्या संकरातून ते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालं. १९५०-६०च्या सुमारास ते हळद्याला दाद न देणारं वाण म्हणून देशभर गेलं. चव चांगली, लव कमी, उत्पन्न भरपूर. मग जिकडेतिकडे तेच लागलं आणि काही वर्षांत हळद्याने त्यालाही गाठलं. आज पुसा सावनी हे रोगाला लवकर बळी पडणारं वाण म्हणूनच ओळखलं जातं.

पुढे १९८०च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने याच पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका नातलगाशी, म्हणजे मॅनिहॉट या जातीशी केला. त्यातून परभणी क्रांती आली. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने टेट्राफायलस या रानभेंडीतून प्रतिकारशक्ती आणून अर्का अनामिका काढली. दोन्ही वाणांनी शेतकऱ्यांना बरीच वर्षं तारलं. आता त्यांच्यावरही ठिकठिकाणी हळद्या दिसतो.

यात संशोधकांचं काही चुकलं नाही. विषाणू बदलत राहतो. शेकडो हेक्टरवर एकाच घडणीची झाडं उभी असली की त्यातल्या एकाला जमलेली फट सगळ्यांना लागू पडते. १८४५ नंतर आयर्लंडमधल्या बटाट्याचं हेच झालं, आणि १९७० साली अमेरिकेतल्या मक्याचंही. दोन्हीकडे रोगजंतू वेगळा, पण पीक मात्र जवळजवळ एकाच मुशीतलं होतं. म्हणून आपलं ध्येय एक 'अजिंक्य' भेंडी काढण्याचं नाही. वेगवेगळ्या घडणीच्या, पण सगळ्या बऱ्यापैकी तग धरणाऱ्या पाच-सहा ओळी (एकेका निवडलेल्या झाडाच्या बियातून आलेली कुळं) एकत्र राखायच्या, म्हणजे एक पडली तरी बाकीच्या टोपली भरतील.

भेंडीच का

कारणं अगदी व्यवहारी आहेत. फूल मोठं असतं, हाताने हाताळता येतं. नर आणि मादी भाग एकाच फुलात असल्याने बहुतेक बी स्वतःच्याच परागांवर धरतं, त्यामुळे निवडलेला गुण पुढच्या पिढीत फारसा निसटत नाही. पेरणीपासून पक्क्या बियापर्यंत साधारण शंभर दिवस लागतात, म्हणजे वर्षात दोन पिढ्या आरामात निघतात. रोग डोळ्यांना दिसतो, तपासायला यंत्र लागत नाही. शिवाय हळद्या बियातून पसरत नाही. रोगट झाडाच्या बियात विषाणू नसतो, पण त्या झाडाचा कमकुवतपणा असतो. म्हणून 'झाड पिवळं पडलं, पण शेंगा बऱ्या आहेत, बी धरू या' असा विचार करू नये.

बी गोळा करणं

सगळ्या कामाचा पाया हाच. किमान सहा ठिकाणचं बी जमवा. त्यात दोन-तीन सुधारित सरळ वाणं, म्हणजे ज्यांचं बी पुढे धरलं तरी तशीच झाडं येतात अशी, घ्या. परभणी क्रांती, अर्का अनामिका आणि राहुरीची फुले उत्कर्षा ही कृषी विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या विक्री केंद्रांतून मिळतात. बाकीचं बी गावठी हवं. पावसाळ्यात बाजारात येणारी लांब, जाड नवधारी भेंडी तुम्ही पाहिली असेल. वसई, पालघर, अलिबागकडच्या वाड्यांत अशा भेंडीचं बी घरोघर राखलेलं असतं. भाजी विकायला आलेल्या मावशींना विचारा. 'पुढच्या खेपेला दोन सुकलेल्या शेंगा आणाल का?' एवढं म्हटलं की बहुतेक वेळा शेंगा येतात, आणि सोबत ती भेंडी कधी पेरायची याचा सल्लाही फुकटात मिळतो. तो लिहून ठेवा. एका घरचं बी आणि शेजारच्या गावातलं बी दिसायला सारखं असलं तरी आतून वेगळं असू शकतं, म्हणून एकत्र करू नका. प्रत्येकाचं पाकीट वेगळं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच गावठी बियांच्या जतनासाठी. त्यांच्यासारख्यांनी बी राखलं म्हणून आपल्याला निवडायला काहीतरी उरलं आहे.

पाकिटावर 'एफ१' किंवा 'संकरित' लिहिलेलं असेल तर त्याचं बी पुढे धरल्यावर एकसारखी झाडं मिळत नाहीत, गुण फुटून निघतात. सरळ पीक घेणाऱ्यासाठी ही अडचण, पण आपल्यासाठी तीच संधी, कारण त्या फुटीतून निवड करता येते. तरी पहिल्या वर्षी सरळ वाणांवरच हात बसू द्या. दुकानातलं गुलाबी किंवा निळं बी औषध लावलेलं असतं. हाताळल्यावर हात धुवा, आणि उरलेलं बी चुकूनही स्वयंपाकघरात नेऊ नका.

रानभेंडीबद्दल दोन शब्द. कोकणात ती सहज उगवते, आणि प्रतिकारशक्तीचा खजिना तिच्यात आहे हे वर आलंच. पण साध्या भेंडीशी तिचा संकर केला तर बहुधा वांझ झाडं मिळतात. ती अडचण ओलांडायला प्रयोगशाळा आणि अनेक वर्षं लागतात. हे काम विद्यापीठांवर सोडा. आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून झाड किंवा बी उचलून आणू नका, तो गुन्हा आहे.

गच्चीची तयारी

सोसायटीची लेखी परवानगी घ्या, नाहीतर हळद्याआधी सेक्रेटरी येतील. एक फूट रुंद, एक फूट उंच ग्रोबॅगमध्ये साधारण वीस लिटर मिश्रण मावतं आणि भिजल्यावर तिचं वजन सतरा ते वीस किलोपर्यंत जातं. चाळीस बॅगांचं ओझं पाऊण टनाच्या घरात. म्हणून बॅगा गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळया आणि भिंतींच्या वर ओळीने मांडा, आणि खाली विटा द्या म्हणजे वॉटरप्रूफिंगवर पाणी साचत नाही.

सगळ्या बॅगांत मिश्रण एकाच ढिगातलं हवं. एका बॅगेत ताजं शेणखत आणि दुसरीत जुनी माती असेल तर झाडांतला फरक मातीचा की रक्ताचा, हे कधीच कळणार नाही. उन्हाचंही तेच. मुंबईत कुठल्या ना कुठल्या टॉवरची सावली गच्चीवर पडतेच. एक वाण पूर्ण सावलीत आणि दुसरं पूर्ण उन्हात असं होऊ नये म्हणून चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. प्रत्येक वाणाच्या बॅगा गच्चीच्या निदान तीन वेगवेगळ्या भागांत आल्या पाहिजेत. प्रत्येक बॅगेत दोन झाडं, म्हणजे एकूण ऐंशी झाडं.

दर पाचव्या बॅगेत मुद्दाम पुसा सावनी लावा, शक्य तर बाकीच्यांच्या आठवडाभर आधी. ही 'पसरवणारी' झाडं. यांच्यावर हळद्या लवकर येतो आणि माशीमार्फत तो शेजाऱ्यांकडे जातो. अनेकांना हे उलटं वाटतं. पण रोगाचा दाब नसेल तर हिरवं राहिलेलं झाड खरंच खंबीर आहे की नुसतं वाचलं, हे ठरवायला मार्गच उरत नाही.

पेरणी कधी

निवडीसाठी फेब्रुवारीचा मध्य. मुंबईत थंडी तेव्हा ओसरत असते, हवा कोरडी आणि उबदार होते, आणि पांढऱ्या माशीला ते फार मानवतं. एप्रिलपर्यंत रोग पुरेसा पसरतो. जून-जुलैच्या धुवाधार पावसात माशी कमी असते, म्हणून पावसाळ्यात हिरवीगार दिसणारी भेंडी पाहून हुरळून जाऊ नका. पावसाळी पिढी बी वाढवायला आणि संकर पुढे न्यायला वापरा. पावसाळ्यात दुसरी एक परीक्षा होते ती पानांच्या खालच्या बाजूला येणाऱ्या काळपट बुरशीची. जी झाडं तिने लवकर पानं टाकतात, त्यांचीही नोंद ठेवा.

बी रात्रभर पाण्यात भिजवून प्रत्येक जागी दोन टाका आणि नंतर एकच रोप ठेवा. ठेवताना सगळ्यात जोमदार रोप निवडण्याचा मोह होतो, तो टाळा. जोम आणि प्रतिकारशक्ती एकत्र येतातच असं नाही, म्हणून कुठलं ठेवायचं ते डोळे मिटून ठरवा. या हंगामात कीटकनाशक नाही, नीमतेलही नाही. मावा फार झाला तर नुसत्या पाण्याचा फवारा मारा.

पान वाचायला शिका

नवख्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. पिवळं पान म्हणजे हळद्या असं नसतं. पान उन्हाकडे धरून शिरा पाहा. हळद्यात आधी शिराच पिवळ्या होतात आणि शिरांमधला भाग हिरवा राहतो, म्हणजे हिरव्या कापडावर पिवळ्या दोऱ्याची जाळी. लोह किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर नेमकं उलटं होतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं सरसकट फिकट होतात. रोग वाढला की हळद्याचं पानही पूर्ण पिवळं, कधी दुधी होतं, आणि शेंगा पिवळट, बारीक आणि आठवडाभरात लाकडासारख्या होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे माशी. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी, पान हळूच उलटं करा. तेव्हा माश्या सुस्त असतात आणि मोजता येतात. हिरव्या झाडाखाली माश्या भरपूर बसलेल्या दिसल्या तर ते झाड खरंच झुंजतंय. माशीच नसेल तर त्याला श्रेय देण्याची घाई नको.

पेरणीनंतर ३०, ४५ आणि ६० दिवसांनी प्रत्येक झाडाला अंक द्या. ० म्हणजे काहीच नाही. १ म्हणजे एखाददुसऱ्या पानावर फिकट जाळी. २ म्हणजे निम्म्याहून कमी पानं, शेंगा चांगल्या. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त पानं, शेंगांवर परिणाम. ४ म्हणजे सगळं झाड पिवळं. तारखा चुकवू नका, कारण रोग कधी आला यालाच जास्त किंमत आहे. लागण पेरणीनंतर महिन्याभरात झाली तर पीक जवळजवळ हातचं जातं. फळधारणा पूर्ण जोरात असताना झाली तर नुकसान पुष्कळ कमी. त्यामुळे ६०व्या दिवशी २ अंक मिळालेलं आणि तोवर टोपली भरून भेंडी दिलेलं झाड मला ० अंकाच्या पण पाच शेंगा देणाऱ्या झाडापेक्षा प्यारं आहे. भाजी खायची आहे, पदक द्यायचं नाही.

याच वहीत आणखी तीन गोष्टी लिहा. शेंग किती दिवस कोवळी राहते, हे बाजारात बायका तपासतात तसंच टोक मोडून पाहा. किती शेंगा आल्या. आणि लव किती. लव जास्त असेल तर तुडतुड्यांचा त्रास कमी होतो, पण तोडणी करताना हाताला खाज येते. घरच्या भेंडीत मध्यम लव चालते.

६०व्या दिवसाची नोंद झाली की ३ आणि ४ अंकांची झाडं, पसरवणाऱ्यांसकट, उपटून पिशवीत भरून टाका. रोगाचा साठा उन्हाळाभर शेजाऱ्यांच्या बागांना पुरवत राहायचं कारण नाही.

फुलाला हात लावण्याची वेळ

पेरणीनंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फुलं येतात. तेव्हा ४५व्या दिवसाची नोंद हाताशी असते, आणि त्यावरून आई-बाप ठरवायचे. माझा आवडता जोड म्हणजे आई नवधारी गावठी भेंडी, चवीसाठी आणि पावसात टिकण्यासाठी, आणि बाप हळद्याला उत्तम तोंड दिलेलं सुधारित वाण. बापाचा एखादा गुण डोळ्यांत भरणारा असला तर सोनं. उदाहरणार्थ, बाप लाल देठाचा असेल आणि रोपांच्या देठावर लाली उतरली, तर संकर साधला हे लगेच कळतं.

आधी स्वपरागण, म्हणजे फुलाला स्वतःच्याच परागांवर बी धरू देणं, कारण ते सोपं. उद्या फुलणारी कळी आज संध्याकाळी ओळखता येते. ती फुगलेली असते आणि टोकाशी पिवळसर पाकळी डोकावते. तिच्या टोकाला मऊ दोरा हलकेच बांधा म्हणजे ती फुलणार नाही आणि मधमाशी आत शिरणार नाही. भेंडी बहुतांशी स्वतःचेच पराग घेते हे खरं, पण मधमाश्या आणि भुंगे असले की दहा-वीस टक्क्यांपर्यंत बी परक्या परागांवर धरू शकतं. उंच इमारतीच्या गच्चीवर मधमाश्या येत नाहीत असं समजू नका. दोरा बांधलेल्या शेंगेच्या देठाला लगेच चिठ्ठी बांधा, नाहीतर कोणती शेंग कोणाची हे आठवणार नाही आणि घरातलं कुणीतरी ती भाजीत घालेल.

आता संकर. संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान आईच्या झाडावरची तशीच फुगलेली कळी घ्या. बुडाशी, अंडाशयाच्या जरा वर, धारदार ब्लेडने हिरव्या आवरणाला गोल, उथळ चीर द्या. खोल गेलात तर अंडाशय कापला जाईल. आता आवरण आणि पाकळ्या टोपीसारख्या अख्ख्या ओढल्या की निघून येतात आणि आत एक पांढरट नळी दिसते. तिच्यावर पिवळसर दाणे चिकटलेले असतात, ते परागकोश. अजून मिटलेले असल्यामुळे त्यांच्यातून पूड उडत नाही. चिमट्याने ते एकेक करून काढा. नळीच्या टोकाला गडद जांभळट गाठींचा झुपका असतो. ती मादीची टोकं, त्यांना धक्का लावू नका. चिमटा आणि ब्लेड दोन कळ्यांच्या मध्ये स्पिरिटने पुसा. साफ केलेल्या कळीवर बटर पेपरची छोटी पिशवी घालून क्लिप लावा. बापाच्या झाडावरची कळीही त्याच संध्याकाळी पिशवीत बंद करा, म्हणजे तिच्या परागांत भेसळ होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दहा. बापाचं फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, आणि परागांनी भरलेली नळी आईच्या जांभळ्या टोकांवर हलक्या हाताने फिरवा. पिवळी पूड चिकटलेली दिसली की पिशवी परत घाला. देठाला चिठ्ठी: आई, बाप, तारीख. तीन-चार दिवसांनी पिशवी काढा. शेंग धरली असेल तर ती टोकदार होऊन वर निघते, नाहीतर कळी वाळून गळते. नवख्या हाताच्या निम्म्या कळ्या गळणारच, म्हणून एका संकरासाठी आठ-दहा कळ्या करा. दोन शेंगा मिळाल्या तरी पुष्कळ, एका शेंगेत चाळीस-पन्नास बिया असतात. एप्रिलमध्ये हे काम होतं, पाऊस नसतो. पावसाळ्यात बटर पेपरचा लगदा होतो; तेव्हा न विणलेल्या कापडाच्या चहा गाळण्याच्या पिशव्या चालतात.

पुढच्या पिढ्या

मेच्या अखेरीस संकराचं बी हाती येतं. जूनमध्ये त्यातलं थोडं पेरा. दोन्ही आई-बाप सरळ वाणाचे असतील तर ही पहिली पिढी जवळजवळ एकसारखी दिसते. गावठी बी मुळातच मिश्र असेल तर थोडा फरक दिसेल. इथे निवड करायची नाही. पाच-सहा झाडं पुरतात. सगळ्यांच्या कळ्यांना दोरा बांधून बी वाढवा.

खरी गंमत पुढच्या फेब्रुवारीत. दुसऱ्या पिढीत आई-बापाचे गुण फुटून बाहेर येतात आणि कुठलीच दोन झाडं सारखी नसतात. किती झाडं लावावीत याचा एक साधा हिशोब आहे. हवा असलेला गुण चारात एका झाडात येत असेल तर ११ झाडं लावली की तो निदान एकदा मिळण्याची शक्यता ९५ टक्के होते. तोच सोळात एकात येत असेल तर ४७ झाडं लागतात. प्रतिकारशक्तीला बहुधा एकापेक्षा जास्त जनुकं लागतात, म्हणून दहा-बारा झाडांत काही हाती लागलं नाही तर निराश होऊ नका, झाडंच कमी होती. ऐंशीच्या ऐंशी जागा या पिढीला द्या, पसरवणारी झाडं तेवढी वेगळी.

इथून पाच-सहा उत्तम झाडं निवडा. दिसायला शक्य तितकी वेगवेगळी घ्या. सगळी एकाच चणीची निवडलीत तर ज्या विविधतेसाठी हा खटाटोप केला तीच हातातून जाईल. प्रत्येकाचं बी वेगळं ठेवा आणि पुढच्या हंगामात प्रत्येकाची दहा-बारा झाडांची एक ओळ लावा. आता झाडाऐवजी ओळीची परीक्षा. ज्या ओळीतली बहुतेक सगळी झाडं बरी राहतात, तिच्यातला गुण पक्का. एकच झाड चांगलं आणि बाकीची पिवळी असतील तर ते एक झाड बहुधा नशिबाने वाचलं होतं.

स्वपरागणाच्या प्रत्येक पिढीत मिश्रपणा निम्म्याने घटतो. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसरीत २५, चौथीत साडेबारा, पाचवीत सहाच्या आसपास. चौथ्या-पाचव्या पिढीला ओळी बऱ्यापैकी स्थिर होतात आणि तिथे थांबायला हरकत नाही. मग पाचही ओळींचं सारखं-सारखं बी एकत्र करा आणि हेच तुमचं घरचं बियाणं. प्रत्येक ओळीचा थोडा साठा मात्र निराळा ठेवा.

बी राखणं

मुंबईच्या हवेत बी राखणं हे खरं कठीण काम. शेंग झाडावर वाळून शिरेवर पहिली भेग पडली की लगेच काढा, फूल लागल्यापासून हे पस्तीस ते चाळीस दिवसांनी होतं. पावसाळ्यात थांबलात तर शेंगेतच बुरशी धरते. सोललेलं बी सावलीत, पंख्याखाली पसरा. मग तव्यावर कोरडे भाजून पूर्ण गार केलेले तांदूळ बरणीत घाला, त्यावर कापडी पिशवीत बी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. तांदूळ बियातला ओलावा ओढून घेतात. आठवड्याने तांदूळ बदला. नंतर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. बियातला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तसंच. फ्रिजमधून काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं.

इतर भाज्यांचं थोडक्यात

वांगी-टोमॅटोत कोकणपट्टीचा खरा शत्रू म्हणजे जिवाणूजन्य मर. हिरवं झाड एका दुपारी मान टाकतं आणि पाणी घालूनही उठत नाही. खात्री करायला खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लटकवा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला तर जिवाणूच. अशी माती पुन्हा त्या कुळातल्या भाज्यांना वापरू नका. निवड करायची तर अर्का केशव, अर्का निधी यांसारखी या मरीला तोंड देणारी वांगी आई-बापात घ्या. घाई असेल तर काटेरी रानवांग्यावर कलम करणं जास्त झटपट.

काकडी, दोडका, कारलं यांची नर-मादी फुलं वेगळी असल्याने शेजारच्या वाणाशी भेसळ ठरलेली. फूल आदल्या दिवशी बांधून हाताने परागण करावं लागतं, आणि बी एकाच वेलाचं न धरता जितक्या जास्त वेलांचं धरता येईल तितकं बरं. केवडा (पानांवर पिवळे डाग) आणि भुरी (पानांवर पांढरी पूड) या दोन्ही रोगांसाठी वेलांना वेगवेगळे अंक द्या, कारण एकाला तोंड देणारा वेल दुसऱ्यापुढे सहज लोळण घेतो. पालकाचे पराग वाऱ्याने लांबवर जातात, त्यामुळे गच्चीवर त्याचं शुद्ध बी धरण्याच्या भानगडीत पडू नये.

वाटप

एका गच्चीवर झालेली निवड त्या गच्चीपुरती असते. डोंबिवलीत, भाईंदरला, वसईच्या एखाद्या वाडीत तेच बी कसं वागतं ते पाहिल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका. २००१च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी त्याच्या ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना मात्र बॅगेतून बी आणायला सांगू नका, क्वारंटाइनच्या नियमांखाली त्याला परवाना लागतो.

देताना प्रत्येक पाकिटावर एवढं लिहा: ओळीचा क्रमांक, आई आणि बाप, कितवी पिढी, बी काढल्याचा महिना, जागा, आणि ६०व्या दिवसाचा सरासरी अंक. घेणाऱ्याकडून बदल्यात पैसे नको, फक्त त्याच्याकडचे तीन तारखांचे अंक मागा. कुणाकडे एखादी ओळ साफ पिवळी पडली असेल तर तेही कळवायला सांगा, आणि ते बी फेकून देऊ नका. पुसा सावनीचं बी मिळेनासं झालं तर पुढच्या फेब्रुवारीत दर पाचव्या बॅगेत लावायला तेच कामी येईल.